फ्रिजमागचा ट्रे

दिवसाला पन्नास घरं.
फतेपुऱ्याच्या गल्लीत वळले की कुणाची तरी पोर आत ओरडते,
"मम्मी, मच्छरवाळां बेन आव्यां!"
अकरा वर्षं झाली. नाव सांगायचं मी सोडून दिलंय.
हेमांगी घोरपडे. काय करायचंय कुणाला.

टाकीत टॉर्च, कुंडीत टॉर्च,
गच्चीवर विसरलेल्या टायरात टॉर्च,
चिमण्यांच्या परळातसुद्धा.
पाणी पांढऱ्या वाटीत काढायचं, थांबायचं,
वळवळतंय का बघायचं.
मग दाराशेजारी खडूने तारीख, सही,
मग फोटो, आणि फोटोला ठिकाण सापडेपर्यंत
उन्हात हात वर करून उभं राहायचं.
लांबून वाटत असेल, बाई देवाकडे काही मागतेय.
मी रेंज मागत असते.

कंत्राट अकरा महिन्यांचं.
बाराव्या महिन्यात घरी बसायचं नसतं,
फक्त कागदावर नसायचं.

घरं मला नंबराने आठवत नाहीत.
हिरव्या जाळीचं घर: ऑक्सिजन ब्याऐंशी,
आणि म्हातारा मला म्हणतोय, "चा पीने जजो."
त्याच्या पुढचं: ज्यांच्या दारावर मी कागद चिकटवला होता.
डिंकाचा डाग आहे अजून. तेही आहेत. बोलत नाहीत.
कोपऱ्यावरचं, पुराच्या वर्षीचं:
आवारात शिरलेली मगर वनखात्याने नेली,
पेपरात मगरीचा फोटो आला.
चिखल आमच्यासाठी ठेवला.
क्लोरिनच्या गोळ्या मोजून मोजून बोटांची सालं गेली,
तेव्हापासून हजेरीचं मशीन मला ओळखत नाही.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणतं.
मी पुन्हा प्रयत्न करते.

रावलसाहेबांनी ताणतणावावर मीटिंग ठेवली होती एकदा,
संध्याकाळी साडेसहाला, ड्युटी संपल्यावर.
डोळे मिटा, म्हणाले, समुद्र बघा.
मला टाकी दिसली. झाकण नव्हतं.
शेजारी किरीटभाई चक्क घोरायला लागला.
आमच्यात तेवढा एकच शांत झाला,
त्याला मेमो मिळाला.

काल रविवार.
वास येतोय म्हणून फ्रिज सरकवला.
मागच्या ट्रेत पाणी.
टॉर्च आणला नाही. मी त्यांना अंधारात ओळखते.
मोठ्या अळ्या, चार-दोन कोष.
म्हणजे आठवडा तर झालाच असणार,
म्हणजे मागच्या रविवारी मी कुठे होते?
इथेच. पलंगावर. पंख्याकडे बघत.

हजारो बायकांना सांगितलंय मी,
आठवड्यातून एकदा, बेन, एकदाच, कोरडं करा.
त्या हो म्हणायच्या.
मला राग यायचा त्या हो-चा.

आईने बाहेरून विचारलं, काय सापडलं गं?
म्हटलं, काही नाही.

अळ्या श्वासासाठी वर येतात.
शेपटीच्या टोकाने पाण्याची कातडी धरून
उलट्या लटकतात,
कुणाची सावली पडली की खाली.
मी पुढे झुकले, त्या गेल्या.
मागे झाले, त्या आल्या.
किती वेळ, माहीत नाही.
भाऊ शेव उसळ घेऊन आला, हाका मारल्या,
उसळ गार झाली.

मग उठले. ट्रे गच्चीवर नेला,
तापलेल्या फरशीवर ओतला. गटारीत ओतायचा नसतो.
पिशवीतला खडू काढून
आमच्याच दाराशेजारी लिहिलं:
तारीख. भांडी एक. पॉझिटिव्ह एक.
सहीपाशी हात थांबला. खडू होता, बोट होतं,
बाकी काही सुचेना.

आज सकाळी बूट घालताना शेजारीण म्हणाली,
तुमच्याकडे पण येऊन गेल्या वाटतं त्या बाई?
हो.
काय म्हणाल्या?
आठवड्याने परत बघते, म्हणाल्या.
नक्की नाही.